‘युएनमध्ये जायचंय’ म्हणणाऱ्यांसाठी: मास्टर्स कधी, कुठलं आणि कुणाच्या पैशाने

दरवर्षी मे-जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. "ताई, मला युएनमध्ये काम करायचंय, कुठलं मास्टर्स करू?" कुणाच्या भाचीने माझा नंबर दिलेला असतो, कुणी कुठल्यातरी सेशनला मला ऐकलेलं असतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखायला लागलीत म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आधी थोडक्यात उत्तर. मास्टर्स करा, नक्की करा, पण ग्रॅज्युएशनच्या पाठोपाठ नको. मध्ये दोन वर्षं काम करा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, पुढे जे नियम, स्कॉलरशिपा आणि पगार सांगणार आहे त्या सगळ्याचं गणित फिरून फिरून तिथेच येतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा मी सिव्हिल इंजिनिअरिंग संपवून घरी बसले होते, नोकरी नव्हती. आमच्या भागातल्या एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं, सहाशेच्या आसपास माणसं. मी मदतीला गेले तर कुणीतरी हातात दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले नावं लिहा. मी नावं लिहिली. फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बस. मग किट वाटायला सुरुवात झाली तेव्हा कळलं की तीन माणसांच्या घरालाही तेच पाच किलो तांदूळ आणि अकरा माणसांच्या घरालाही तेच, कारण माझ्या वहीत माणसं किती हा रकानाच नव्हता. बाहेर पटांगणात जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात भिजलेल्या साड्या, कुणीतरी चक्क थ्री-पीस सूट पाठवलेला. तिसऱ्या दिवशी एका संस्थेतल्या मॅडम आल्या, त्यांनी ढिगाकडे बघितलंही नाही, सरळ मला विचारलं, "इथे संडास किती आहेत? आणि रात्री बायका कुठे जातात?"

मला माहीतच नव्हतं. तीन दिवस तिथे असून.

त्यांनी मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून दाखवला. स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय किमान निकष आहेत, त्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात, म्हणजे ६०० माणसांना ९,००० लिटर, म्हणजे रोज जवळजवळ एक दहा हजारी टँकर. संडास २० माणसांमागे एक, अगदी पहिल्या धावपळीच्या दिवसांत ५० मागे एक चालवून घेतात, म्हणजे ३० नाहीतर निदान १२, आणि शाळेत होते सहा, त्यातलं एक कुलूपबंद. छपराखालची जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे वीस बाय पंचवीस फुटांच्या एका वर्गात फार तर १३ माणसं, आणि आमच्याकडे एकेका वर्गात चाळीस होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मदत करणं ही शिकायची गोष्ट आहे आणि माझं सिव्हिल तिथे कामाला येऊ शकतं.

पहिलं काम: मदत की विकास, हे ठरवा

लोक दोन्ही एकाच दमात म्हणतात पण ही दोन वेगळी दुनिया आहे. मानवतावादी मदत म्हणजे पूर, भूकंप, युद्ध, निर्वासित छावण्या. कामाचा हिशोब आठवड्यात आणि महिन्यांत, करार सहा महिन्यांचे, पोस्टिंग अशा ठिकाणी की घरच्यांना नेता येत नाही. विकास म्हणजे शाळा, आरोग्य, बचत गट, पाणलोट, शेती, धोरण. हिशोब वर्षांत, काम जास्त मीटिंगांचं आणि कागदाचं, आणि बदल इतका हळू दिसतो की अधीर माणसाला वेड लागेल.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतरचे पहिले काही आठवडे म्हणजे मदत. नंतर वर्ल्ड बँकेचा पैसा घेऊन राज्य सरकारने जो भूकंप पुनर्वसन कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवला, गावंच्या गावं नव्या जागेवर वसवली, बायकांच्या गटांना घरदुरुस्तीच्या कामात सामील करून घेतलं, तो विकास. दोन्हीत माणसं लागली पण एकाच स्वभावाची नाही. तुम्ही कुठल्या जातकुळीचे हे मास्टर्सच्या आधी कळलं पाहिजे, कारण कोर्स त्यावर ठरतो.

मग जाहिराती वाचा, आणि उलट्या बाजूने वाचा

कोर्सच्या वेबसाईट सध्या बंद करा. रिलीफवेब उघडा, ही युएनच्याच ओचा नावाच्या ऑफिसची साईट आहे, जगभरातल्या मदतकार्याच्या नोकऱ्या तिथे पडतात. भारतातल्या नोकऱ्यांसाठी डेव्हनेट जॉब्स इंडिया. तुम्हाला पाच वर्षांनी जी नोकरी करायला आवडेल अशा तीस जाहिराती शोधा आणि एक्सेलमध्ये तीन रकाने करा: शिक्षण काय मागितलंय, अनुभव किती, आणि कुठलं टेक्निकल कौशल्य. एक रविवार जाईल. जाऊ दे.

काय दिसेल ते सांगते. शिक्षणाच्या रकान्यात "विकास अभ्यास किंवा संबंधित विषय" असं ढोबळ काहीतरी. अनुभवाच्या रकान्यात मात्र आकडा पक्का, दोन वर्षं, पाच वर्षं, सात वर्षं. आणि कौशल्याच्या रकान्यात ठरावीक शब्द परत परत येतात: वॉश म्हणजे पाणी-स्वच्छता, मील म्हणजे देखरेख-मूल्यमापन, लॉजिस्टिक्स, प्रोटेक्शन म्हणजे लोकांचं हिंसा-शोषणापासून संरक्षण, रोख मदत वाटप, पोषण, फायनान्स. "जगाचं भलं करायची तळमळ" असा रकाना मला अजून सापडलेला नाही.

युएनचं तर लिखित आहे. आंतरराष्ट्रीय पदांची जी सुरुवातीची पी-टू श्रेणी, तिला मास्टर्स अधिक दोन वर्षं अनुभव लागतो. पी-थ्रीला पाच. आणि मास्टर्स नसेल तर बॅचलर्सवर दोन वर्षं जास्तीचा अनुभव बऱ्याचदा चालतो. म्हणजे डिग्रीच्या जागी अनुभव चालून जातो, अनुभवाच्या जागी डिग्री चालत नाही. हे वाक्य मला एकविसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

इथे एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. बीकॉमवाले, नर्सिंगवाले, सिव्हिल डिप्लोमावाले, स्टोअर सांभाळलेले, तुम्ही आधीच अर्ध्या वाटेवर आहात. एमएसएफसारख्या, युद्ध-आपत्तीत वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेला नर्स, लॅब टेक्निशियन, अकाउंटंट, लॉजिस्टिशियन लागतात आणि त्यांना तुमच्या विकास अभ्यासाच्या डिग्रीपेक्षा तुमच्या हातातल्या कामाची दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. फायनान्सचा चांगला माणूस मिळत नाही म्हणून आमच्याच संस्थेत एक पद आठ महिने रिकामं होतं, आणि त्याच काळात प्रोग्रॅम ऑफिसरच्या एका जागेला अर्जांचा पाऊस.

दोन वर्षं कुठे काढायची

महाराष्ट्रात असाल तर नशीबवान आहात, संस्थांची कमी नाही. गडचिरोलीत आरोग्यावर काम करणारी सर्च आहे आणि बंग दांपत्याचं निर्माण शिबिर, ज्यातून पुढे जाऊन कितीतरी तरुण डॉक्टर-इंजिनिअर या क्षेत्रात टिकलेत. पाणलोटात पुण्याची वॉटर (डब्ल्यूओटीआर) ही संस्था, शेती-पशुधनात बाएफ. आपत्तीनंतरच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग, जिची मुळंच किल्लारीच्या पुनर्वसनात आहेत. फेलोशिप हवी असेल तर एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे, खेड्यात राहायला लावतात, मानधन देतात. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये सरकारी फाईल कशी हलते ते कळतं, आणि हे कळणं फार म्हणजे फारच उपयोगी.

पगार कमी असतो हे खरं. पण एक काळजी घ्या, "व्हॉलंटियर" या नावाखाली वर्षभर फुकट राबवून घेणाऱ्या जागाही आहेत. माझी एक वर्गमैत्रीण अशाच एका ठिकाणी चौदा महिने राबली, शेवटी अनुभवाचं पत्र मागितलं तर म्हणाले आमच्याकडे तशी पद्धत नाही. नेमणुकीचं पत्र पहिल्या आठवड्यात घ्या, कामाचे तास लिहून ठेवा. का ते पैशाच्या भागात कळेल.

त्या दोन वर्षांत फुकटात काय शिकता येतं बघा: कोबो टूलबॉक्सवर मोबाईल सर्व्हे बनवणं, क्यूजीआयएसवर नकाशा करणं, एक्सेलचं पिव्होट टेबल, स्फिअरचा ऑनलाईन कोर्स, काया आणि डिझास्टररेडी या साईटवरचे कोर्स, युएनचं बीसेफ नावाचं सुरक्षा प्रशिक्षण. सर्टिफिकेटांचा ढीग नको, कोबो आणि एक्सेल मात्र खरंच हाताला बसू दे, कारण मुलाखतीत आम्ही लॅपटॉप पुढे सरकवून करायला लावतो.

भारतातले कोर्स

सगळ्यात आधी टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबईत देवनारला त्यांचं आपत्ती अभ्यासाचं वेगळं स्कूल आहे, जमशेटजी टाटांच्या नावाचं, तिथलं डिझास्टर मॅनेजमेंट हे आपल्याकडचं मानवतावादी मदतीच्या सगळ्यात जवळ जाणारं शिक्षण. तुळजापूरचा कॅम्पस १९८६ पासून आहे आणि ग्रामीण विकासासाठी मला तो मुंबईपेक्षा उजवा वाटतो, कारण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की मराठवाडा. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो, टिसची स्वतःची जुनी टिसनेट परीक्षा गेली, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत फॉर्मवर डोळा ठेवा.

इंजिनिअर असाल आणि पाणी, ऊर्जा, गावच्या सोयीसुविधा यांत रस असेल तर आयआयटी मुंबईचं सितारा हे केंद्र, तिथलं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट. या कोर्सबद्दल आपल्या पोरांना माहितीच नसते, सगळे आयआयटी म्हणजे कॉम्प्युटर धरून चालतात. आकडेवारी आणि आरोग्य आवडत असेल तर टिसच्या शेजारीच देवनारला आयआयपीएस, लोकसंख्या शास्त्राची संस्था. आणंदचं इर्मा ग्रामीण मॅनेजमेंटच्या अंगाने जातं, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ विकास आणि शिक्षणात चांगलं आणि फीमध्ये सवलत मनापासून देतात. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्ससाठी पुण्याचं कर्वे, मुंबईचं निर्मला निकेतन, दोन्ही जुनी आणि भरवशाची. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनाचा डिप्लोमा, त्याने दारं उघडत नाहीत पण वाचन होतं.

माझं स्पष्ट मत: भारतातच काम करायचं असेल तर भारतातलंच मास्टर्स करा. इथल्या कामाचं जाळं इथल्या वर्गमित्रांमधून तयार होतं.

बाहेरचे कोर्स, आणि नावाला भुलू नका

"इंटरनॅशनल डेव्हलपमेंट" नावाचे कोर्स ब्रिटनमध्ये जागोजागी आहेत. त्यातले खरंच वजन असलेले मोजके. ससेक्सचं आयडीएस, १९६६ चं, विकास अभ्यासात जगात पहिल्या नंबरावर. लंडनचे एलएसई आणि सोआस. नेदरलँड्समध्ये हेगचं आयएसएस, १९५२ चं, तिथे वर्गात आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले नोकरी केलेले लोक जास्त, त्यामुळे चर्चा वेगळीच होते.

मदतकार्यासाठी मँचेस्टरचं एचसीआरआय, जिनिव्हातलं मानवतावादी अभ्यासाचं केंद्र, आणि नोहा. नोहा हे युरोपातल्या विद्यापीठांचं जाळं आहे, बिल्बाओ, बोखुम, ग्रोनिंगन, उप्सला, डब्लिन वगैरे, १९९३ चं, म्हणजे किल्लारीच्याच वर्षीचं. एका विद्यापीठात सुरुवात करून दुसऱ्या देशात पुढचा भाग करायचा अशी त्याची रचना. डॉक्टर-नर्स-पब्लिक हेल्थवाल्यांनी लिव्हरपूल आणि लंडनच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळा बघाव्यात, या दोन्ही शंभराहून जास्त वर्षं जुन्या.

निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते. अभ्यासक्रमात निदान एक तरी टेक्निकल पेपर आहे का, फक्त "सत्ता आणि विकास" छापाचे निबंध नाहीत ना. प्लेसमेंट किंवा फिल्डवर्क कोर्समध्ये बांधलेलं आहे की "विद्यार्थ्याने स्वतः शोधावं" असं लिहिलंय. आणि तिसरं, मागच्या वर्षी पास झालेल्या चार भारतीयांना लिंक्डइनवर शोधून विचारा आता काय करताय. दोघं उत्तर देतात, आणि खरं तेच सांगतात, माहितीपत्रक नाही.

पैसे (हा भाग दोनदा वाचा)

मी पहिल्या खेपेला अनुभव नसताना अर्ज केला होता. एका विद्यापीठाची ऑफर आली, घरात पेढे वाटले, आणि मग फीचा आकडा आला. फी आणि राहणं मिळून ३५ लाख. बाबा बँकेत जाऊन घराच्या कागदांची चौकशी करून आले सुद्धा. रात्री मी हप्ता काढून बघितला: ३५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं, म्हणजे महिन्याला ४८ हजारांच्या आसपास. आणि परत आल्यावर संस्थेत मिळणारा पगार? त्या वेळी मी ज्या नोकऱ्या बघत होते त्या ३० ते ४० हजारांच्या. ऑफर सोडून दिली. आई दोन दिवस बोलली नाही.

तर कर्ज काढून हे मास्टर्स करू नका. इंजिनिअरिंगच्या एमएससारखं "तिकडे नोकरी लागेल, फिटेल" हे गणित इथे बसत नाही. ब्रिटनमध्ये शिकून झाल्यावर राहायची मुदत दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येतेय, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. आणि नंतर कामाचा व्हिसा हवा तर पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड, आणि चॅरिटीत सुरुवातीला एवढा पगार क्वचितच मिळतो.

मग उरते स्कॉलरशिप.

शेवनिंग: ब्रिटन सरकारची, एका वर्षाचं मास्टर्स, फी, राहणं, विमान सगळं. अट २,८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची, म्हणजे साधारण दोन वर्षं. आता कळलं ना तास का लिहून ठेवायला सांगितले? तीन कोर्स निवडायचे, अर्ज ऑगस्टच्या सुमाराला उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद, आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यायचं ही अट. मला दुसऱ्या खेपेला हीच मिळाली.

डाड (डीएएडी): जर्मनीची. विकासाशी संबंधित ठरावीक कोर्सची यादी असते, त्यालाही दोन वर्षं अनुभव, आणि तुमची शेवटची डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे फार लवकर जाऊन चालत नाही आणि फार उशीर करूनही नाही, खिडकी छोटी आहे. तशीही जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य सोडून, तिथे बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात.

इरास्मस मुंडस: युरोपियन युनियनची, फी माफ आणि महिना १,४०० युरो, दोन-तीन देशांत शिकायचं. हिला अनुभवाची सरसकट सक्ती नाही, पण निवड झालेल्यांचे सीव्ही बघा म्हणजे कळेल.

कॉमनवेल्थची शेअर्ड स्कॉलरशिप पण आहे, ती ठरावीक विद्यापीठांतल्या ठरावीक कोर्सनाच, यादी दरवर्षी बदलते.

आता आपल्या राज्याच्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, ओबीसी-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या. पण यात एक मोठी मेख आहे. विद्यापीठ क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये वरच्या २०० मध्ये हवं अशी अट असते, आणि ते रँकिंग एकूण विद्यापीठाचं, विषयाचं नाही. म्हणजे विकास अभ्यासात जगात पहिलं असलेलं ससेक्स एकूण यादीत २०० च्या बाहेर, म्हणून बाद. सोआस पण बाद. मँचेस्टर, एलएसई चालतात, आणि हेगचं आयएसएस रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाचा भाग असल्याने त्या नावावर चालू शकतं. उत्पन्नाची मर्यादा, जागा आणि रँकिंगची अट त्या वर्षीच्या जीआरमध्ये स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय चालत नाहीत, तेव्हा "महाराष्ट्रातल्या भटक्या समाजाचा विकास" असा विषय लिहून तिथे अर्ज केलात तर वर्ष वाया.

जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते, पण वरचा खड्डा भरायला बरी.

एसओपी

"लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड होती." हे वाक्य तुमच्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या ‘हा कोर्स मला का हवाय’ या निबंधात, लिहिलं असेल तर खोडा. निवड करणाऱ्यांनी ते त्या सकाळी चाळीस वेळा वाचलेलं असतं. माझ्या पहिल्या एसओपीची सुरुवात हीच होती, वर गांधीजींचं एक वाक्य. दुसऱ्या खेपेला मी वहीपासून सुरुवात केली, की माझ्या यादीत माणसं किती हा रकाना नव्हता म्हणून अकरा जणांच्या घराला तीन जणांचा शिधा गेला, मग पुढच्या दोन वर्षांत मी पाणीपुरवठ्याच्या कामात याद्या कशा करायला शिकले, आणि मला आता काय येत नाही म्हणून हा कोर्स हवाय. तुम्हाला काय येत नाही हे नेमकं लिहिता आलं की एसओपी झाली. बाकी इंग्रजी साधं असू दे, मास्तरांकडून जड शब्द घालून घेऊ नका.

शिफारसपत्रासाठी मोठ्या माणसाच्या मागे लागू नका. ज्याने तुम्हाला चिखलात काम करताना बघितलंय त्या तालुका समन्वयकाचं पत्र कुलगुरूंच्या दोन ओळींपेक्षा भारी पडतं.

कोर्स चालू असताना

पहिल्या महिन्यापासून प्रबंधाचा विषय नोकरीच्या दृष्टीने निवडा. ज्या संस्थेत जायचंय तिच्याच एखाद्या प्रश्नावर प्रबंध केला तर तुमच्याकडे मेल टाकायला कारण असतं. इंटर्नशिपचं बघा: युएन सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नाही, आणि न्यूयॉर्क-जिनिव्हाला स्वतःच्या पैशाने राहणं म्हणजे चेष्टा नाही. युनिसेफ, आयएलओ मानधन देतात. सचिवालयाला अर्ज शिकत असताना किंवा पास झाल्यावर एका वर्षाच्या आतच करता येतो, ती खिडकी चुकवू नका.

भाषा. फ्रेंच शिका, खरंच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या मोठ्या भागात फ्रेंचशिवाय पोस्टिंग मिळत नाही, आणि तिथे माणसं कमी पडतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियान्स फ्रान्सेजला बी-टू पातळीपर्यंत जायचं, ए-वन या पहिल्या पायरीवर थांबून सीव्हीवर "फ्रेंच येतं" लिहायचं नाही. एका मुलाला आमच्या पॅनेलवरच्या बाईंनी फ्रेंचमध्येच पुढचा प्रश्न विचारला होता, बिचारा पाणी प्यायला.

आणि बाजार सध्या कसा आहे

वाईट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ ला युएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचं काम अधिकृतपणे थांबलं. ब्रिटन मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणतंय. युएनच्या मोठमोठ्या एजन्सींनी माणसं कमी केली. याचा अर्थ असा की जी जागा तुम्ही बघताय तिला दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेला, नुकतीच नोकरी गेलेला माणूस पण अर्ज करतोय. नव्या पोरांनी हे माहीत असून यावं.

भारतात वेगळंच. २००४ च्या त्सुनामीपासून आपण परदेशी सरकारांची मदत सहसा नाकारतो, त्यामुळे आंतरराष्ट्रीय संस्थांची इथली ऑफिसं छोटी. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली, छोट्या संस्थांचं कंबरडं मोडलं. त्या जागी आला सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा नफ्यातला दोन टक्के. आजच्या घडीला नव्या माणसाला सगळ्यात जास्त नोकऱ्या तिथून मिळतात, काम बरंचसं रिपोर्ट आणि फोटोंचं असतं, पण महिन्याच्या एक तारखेला पगार होतो.

युएनमध्ये शिरायचे रस्ते: युएन व्हॉलंटियर्स हा सगळ्यात खरा, २७ च्या आतल्यांसाठी यूथ गट, त्यावरच्यांसाठी स्पेशालिस्ट, आणि नाव व्हॉलंटियर असलं तरी राहण्याचा खर्च निघेल एवढा भत्ता मिळतो. देशातल्या ऑफिसातली नॅशनल ऑफिसरची पदं दुसरा रस्ता. जेपीओ, म्हणजे ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर, हा बहुतेक श्रीमंत देशांनी आपल्याच नागरिकांसाठी पैसे भरून ठेवलेला रस्ता आहे, त्यात जीव अडकवू नका. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला ३२ वयाची अट आणि देशांची यादी दरवर्षी वेगळी, त्यात भारत आहे का ते आधी बघायचं. आणि कुणीही युएनच्या नोकरीसाठी "प्रोसेसिंग फी" मागितली तर तो चोर आहे, युएन कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराचे ऐंशी हजार असेच गेले.

मुलाखतीत मी जो प्रश्न नेहमी विचारते तो इथे देऊन टाकते, दुसरा शोधेन. वस्तीत ६०० कुटुंबं, तुमच्या ट्रकमध्ये ४०० किट, बाहेर गर्दी जमलीय, काय कराल? परदेशातून मास्टर्स करून आलेले तीन जण ‘असुरक्षिततेच्या निकषांवर आधारित प्राधान्यक्रम’ या विषयावर पाच-पाच मिनिटं छान बोलले. एक मुलगी, एमएसडब्ल्यू, महाडच्या पुरात काम केलेली, म्हणाली, "मॅडम, ट्रक वस्तीत न्यायचाच नाही. आधी माणूस जातो, यादी होते, टोकन वाटतात, ट्रक दुसऱ्या दिवशी." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आत गेलाच असेल तर ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवायला सांगायचं."

तिला घेतलं. आता ती शेवनिंगचा फॉर्म भरतेय आणि तिच्या २,८०० तासांच्या पत्रावर सही माझी आहे.